खोली भाड्याची, शेजार आपला

(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त सोनिवली येथे झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला विषय दिला आहे, 'भाड्याच्या वस्तीतील उपद्रव आणि आपली जबाबदारी'. वर्धापनदिनाला असा विषय सहसा कुणी ठेवत नाही. पण समितीने तो विचारपूर्वक ठेवलेला आहे. विहारात वंदनेला येणाऱ्या कुठल्याही माउलीशी पाच मिनिटे बोला. ती जिन्यात बसणाऱ्या पोरांबद्दल सांगेल, गच्चीवर फुटलेल्या बाटल्यांबद्दल सांगेल, रात्री बाराला मोठ्याने वाजणाऱ्या गाण्यांबद्दल सांगेल. आणि शेवटी एक वाक्य हमखास म्हणेल, "काय करणार भाऊ, सगळे भाडोत्री भरलेत."

मला आज बोलायचे आहे ते या शेवटच्या वाक्याबद्दल.

इथे बसलेल्यांपैकी किती जणांनी कधी ना कधी भाड्याच्या खोलीत दिवस काढले, हात वर करायला सांगितले तर मला वाटते एकही हात खाली राहणार नाही. आपले वाडवडील गाव सोडून मुंबईला आले, परळ-नायगाव-वरळीच्या चाळींत राहिले. १९८२ च्या गिरणी संपानंतर अनेकांची कामे गेली, मुंबईत राहणे परवडेना, म्हणून कल्याणच्या पुढे सरकले. कुणी उल्हासनगरच्या कॅम्पात, कुणी अंबरनाथला, कुणी इथे बदलापुरात. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूर लाखाच्या आत होते, २०११ ला ते पावणेदोन लाखांच्या घरात गेले. दहा वर्षांत एवढी माणसे आली, ती सगळी काय सातबारा घेऊन आली? भाड्यानेच आली. आज ज्याने दोन खोल्या बांधून एक भाड्याने दिली आहे, तोही काल भाडेकरूच होता. तेव्हा 'भाडोत्री' हा शब्द शिवीसारखा वापरताना आपण जरा थांबावे.

आता तुम्ही म्हणाल, हे बोलायला ठीक आहे, पण त्रास होतो तो खोटा का? नाही. त्रास खरा आहे. लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत बाबासाहेबांचे कुटुंब राहत होते. रामजीबाबा पोराला रात्री दोनला उठवत आणि अभ्यासाला बसवत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण त्या गोष्टीतली एक बाजू आपण सांगत नाही. चाळ निजलेली असेल तेव्हाच तो अभ्यास होणार. दिवसभर एका खोलीत माणसांच्या राबत्यात पोर वाचणार कसे? रात्री दोनला गच्चीवर धिंगाणा असता तर रामजीबाबांनी काय केले असते? म्हणून मी उपद्रवाला क्षुल्लक म्हणत नाही. मोठ्या फ्लॅटवाल्याला शेजारचा आवाज नकोसा वाटला तर तो खिडकी लावून घेतो. दहा बाय पंधराच्या खोलीत खिडकी लावून श्वास घेता येत नाही.

अंबरनाथला मी एका चाळीत बरीच वर्षे भाड्याने राहिलो. तिथली एक हकीकत सांगतो, कारण पुढचे सगळे त्यातून निघते. वीस खोल्यांची चाळ, वर गच्ची. मालक डोंबिवलीला. एका खोलीत चार तरुण पोरे राहायला आली, एमआयडीसीत कामाला. वर्षभरात तक्रारी सुरू झाल्या. गच्चीवर दारू, जिन्यात शिट्ट्या, मोरीत बाटल्यांच्या काचा. जवळच्या अभ्यासिकेत जाणाऱ्या दहावीच्या तीन मुली संध्याकाळी यायच्या बंद झाल्या. आईवडिलांनी कारण विचारले तर मुली बोलेनात. बोलल्या तर अभ्यासिकाच बंद होईल, ही भीती. एका मुलीच्या वडिलांनी तर तिला गावी मामाकडे पाठवायचे ठरवले. दहावीच्या ऐन वर्षात!

तेव्हा चाळीची बैठक बसली. तापलेले वातावरण. एक जण म्हणाला, सामान बाहेर फेका. दुसरा म्हणाला, त्यांच्या खोलीची लाइट काढा, पाणी तोडा, दोन दिवसांत पळतील. तिसऱ्याने तर पाटीच लिहून आणली होती, 'बॅचलर लोकांना खोली दिली जाणार नाही'. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेल्या एका आजींनी विचारले, "कोणत्या रात्री झालं? कोण होतं? पाहिलं कुणी?" आणि गंमत बघा, वीस खोल्यांच्या माणसांत एकालाही वार सांगता येईना. सगळे म्हणत होते, "रोजच असतं."

आजींच्या सांगण्यावरून एक शंभर पानी वही आणली. ज्याला त्रास झाला त्याने तारीख, वेळ, काय झाले, कोण होते एवढेच लिहायचे. आपले मत लिहायचे नाही. पंधरा दिवस वही फिरली. पंधरा दिवसांनी ती वाचली, तेव्हा दिसले की धिंगाणा रोज नव्हता, शनिवारी होता. त्या चारपैकी दोघे शनिवारी रात्रपाळीला कारखान्यात होते. गच्चीची किल्ली त्या पोरांकडे नव्हतीच. किल्ली होती मालकाच्या भाच्याकडे. तोच भाडे गोळा करायला येई, आणि शनिवारी मित्र घेऊन गच्चीवर बसे. जिन्यात बसणारेही त्याचेच मित्र. पोरे त्याला घाबरून होती, कारण अनामत त्याच्या हातात. चारपैकी एक मात्र खरोखर मोबाइल मोठ्याने लावायचा. त्याला समोर बसवून सांगितले. तो कुरकुरला, पण आवाज कमी झाला.

समजा, पहिल्या बैठकीत आपण सामान फेकले असते, तर? चार निरपराध बाहेर आणि भाचा गच्चीवर तसाच. मालकाला तीन वेळा निरोप धाडला, तिसऱ्यांदा तो आला. वही त्याच्यापुढे ठेवली. भाचा शेजारी बसलेला. कुणी आवाज चढवला नाही. वाचून झाल्यावर मालकाने किल्ली काढून महिलांकडे दिली. पुढे भाच्याने एकदा पुन्हा कुलूप तोडले, तेव्हा सगळे मिळून पोलीस ठाण्यात गेले. त्या तीन मुली पुन्हा अभ्यासिकेत आल्या. तिघींनी परीक्षा दिली. एक नापास झाली, ऑक्टोबरला सुटली.

बांधवांनो, माणसावर शिक्का मारून त्याला काढणे म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्या कुणी शिकवायला नको. १९१७ साली बाबासाहेब परदेशातून शिकून बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी लोकांच्या सरायमध्ये पारशी नाव सांगून उतरले. दिवसाला दीड रुपया. वर एकटेच, सोबतीला कुणी नाही, दिवा अंधुक. त्यांनी कुणाला त्रास दिला? आवाज केला? भाडे थकवले? काही नाही. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. संध्याकाळपर्यंत खोली खाली करायला सांगितले. ते आठवडाभराची मुदत मागत होते, तीही मिळाली नाही. ओळखीच्या दोघांकडे आसरा मागितला, दोघांनी कारणे सांगितली. शेवटी बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे.

काठ्या घेऊन आलेल्या त्या लोकांनाही आपण वस्तीचे रक्षणच करतो आहोत असे वाटत असणार. हे मी मुद्दाम सांगतो. आजही 'अमक्यांना खोली देणार नाही' असे तोंडावर सांगितले जाते. आडनाव विचारले जाते, मटण खाता का विचारले जाते. आणि आपणच जर 'एकट्या बाईला नको', 'भय्याला नको', 'बॅचलरला नको' म्हणू लागलो, तर आपण त्या जिन्यावरच्या कुठल्या पायरीवर उभे आहोत ते ज्याने त्याने पाहावे. नवऱ्याने टाकलेल्या बाईकडे तिचा भाऊ आला तरी चाळीत कुजबूज होते. तो उपद्रव नव्हे. कुजबूज हाच उपद्रव.

तर मग करायचे काय? मी वकील नाही, पण नोकरीत असताना आणि नंतरही या कामात बरेच फिरलो, त्यावरून सांगतो.

पहिली गोष्ट समोरासमोर बोलणे. आपल्याकडे कोसंबीची कथा आहे, भन्तेजींनी अनेकदा सांगितली असेल. एका भिक्खूने शौचकूपात भांड्यात पाणी शिल्लक ठेवले. दुसऱ्याने हटकले, हा दोष आहे. पहिला म्हणाला, मला ठाऊक नव्हते, दोष असेल तर मान्य करतो. हटकणारा म्हणाला, मुद्दाम केले नाहीस तर दोष नाही. प्रकरण इथे मिटले. पण नंतर हटकणाऱ्याने आपल्या शिष्यांना सांगितले की, त्याने दोष केला आणि त्याला तो कळतही नाही. शिष्य शिष्यांना बोलले आणि संघाची दोन तुकडे झाले. खुद्द तथागतांनी समजावले तरी ऐकेनात, तेव्हा ते एकटे पारिलेय्यकाच्या वनात निघून गेले. शेवटी कोसंबीच्या उपासकांनी भिक्षा बंद केली, तेव्हा कुठे ताळ्यावर आले. भांडण पाण्याचे नव्हते, मागे बोलण्याचे होते. आपल्या नळावर याहून वेगळे काय चालते? आता तर मागे बोलायला व्हॉट्सअॅपचा ग्रुप आहे. ज्याच्याबद्दल लिहितात तो त्या ग्रुपमध्ये नसतो.

म्हणून दोन माणसांनी जावे, त्यात एक बाई असावी, त्याच्या दारात जावे, दारू उतरलेल्या वेळी, म्हणजे सकाळी. "दादा, शनिवारी रात्री साडेअकराला हे झाले" एवढे सांगावे. "तुम्ही लोक असेच" हे शब्द काढू नयेत. निम्मी प्रकरणे इथेच संपतात, हा माझा अनुभव.

उरलेल्या निम्म्यात घरमालकाला धरावे. आपल्याकडे सगळे भाडेकरूवर तुटून पडतात आणि मालक डोंबिवलीला नाहीतर पुण्याला बसून महिन्याचे पैसे मोजतो. एजंटाने कुणाला आणून ठेवले हे त्याला ठाऊक नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणी केलेला असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यावी असे आदेश पोलीस आयुक्तालयांतून वेळोवेळी निघतात. माहिती द्या म्हणजे भाडेकरू गुन्हेगार असे नव्हे. माहिती दिली म्हणजे मालकही नावानिशी जबाबदार झाला.

याच कायद्याचे कलम १६ सांगते की, भाडेकरूच्या किंवा त्याच्याकडे राहणाऱ्यांच्या वागण्याने शेजाऱ्यांना उपद्रव होत असेल, तर मालक कोर्टात जाऊन ताबा मागू शकतो. लक्षात घ्या, कोर्टात जाऊन. आणि कोर्ट विचारणार तेच, जे आजींनी विचारले होते. कोणत्या रात्री, कोण, पाहिले कुणी. म्हणजे ती वही इथे उपयोगी पडते. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारा असेल तर मुदत संपल्यावर मालक नूतनीकरण नाकारू शकतो. पण पाणी तोडणे, लाइट काढणे हा मार्ग नाही. कलम २९ प्रमाणे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, स्वच्छतेची सोय योग्य कारणाशिवाय बंद करणे मालकाला मना आहे. चाळकऱ्यांनी मिळून बंद केले म्हणून ते पुण्यकर्म होत नाही. त्या खोलीत लहान मूल असते, म्हातारी असते. त्यांनी काय केले?

पोलिसांबद्दल एक बोलतो. आपण ठाण्यात जातो, हवालदार 'एन.सी.' लिहून घेतो, आपण कागद घेऊन परततो आणि म्हणतो, काही उपयोग नाही. एन.सी. म्हणजे अदखलपात्र तक्रार. न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही, ही कायद्यातली अडचण आहे. पण कागद फुकट जात नाही. एकाच माणसावर अशा तक्रारी साठल्या की 'चॅप्टर केस' होते, शांतता राखण्याचा बॉण्ड लिहून घेतात. त्याच्याही पलीकडे गेलेल्यांना तडीपार करण्याची सोय महाराष्ट्र पोलीस अधिनियमात आहे, दोन वर्षांपर्यंत. आणि खरा झोपडपट्टी दादा असेल तर १९८१ चा कायदा आहेच. पण हे शेवटचे. जिन्यात पत्ते खेळणाऱ्या पोराला तडीपार करा म्हणून अर्ज देणारेही मी पाहिले आहेत.

हातभट्टीची गोष्ट वेगळी. खोली भाड्याने घेऊन तिथे दारू विकणाऱ्याशी चर्चा नको, आणि एकट्याने अंगावर जाणेही नको. पोलीस आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग दोघांना लेखी कळवा, पोच घ्या. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. रोजंदारीवरची, भाड्याच्या खोलीतली माणसे होती ती. पंचशीलातले पाचवे शील आपण रोज घेतो, त्याबद्दल इथे वेगळे बोलत नाही.

वकिलाची फी परवडत नाही असे कुणी म्हणेल. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला आणि कुठल्याही महिलेला मोफत वकील मिळतो, उत्पन्न न पाहता. १९९० पासून अनुसूचित जातीच्या सवलती बौद्धांनाही लागू आहेत. तालुका विधी सेवा समिती कोर्टातच असते.

आपल्याच ठाणे जिल्ह्यातला एक दाखला देतो. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचे गाव, एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार. १९७० ला तिथे दंगल झाली, १९८४ ला झाली. १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या काढल्या. दोन्ही समाजांची साधी माणसे आणि पोलीस शिपाई एकत्र बसत, गटाराचे, नळाचे, पोराबाळांचे तंटे तिथेच सोडवत. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. गटाराच्या तंट्यासाठी ज्याच्याशेजारी चार वर्षे बसलात, त्याच्यावर दगड उचलायला हात धजत नाही. आपल्या बीटच्या शिपायाला आपल्यापैकी किती जण नावाने ओळखतात? महिन्यातून एकदा त्याला विहारात चहाला बोलवा.

आता थोडे कडू बोलतो, रागावू नका. लाउडस्पीकरचा नियम २००० सालापासून आहे. रात्री दहा ते सकाळी सहा बंद. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकते. शेजारच्या पोराने रात्री गाणे लावले की आपल्याला हा नियम आठवतो. १४ एप्रिलला आपला डीजे चालू असताना मात्र आपण घड्याळ काढून ठेवतो. त्या भिंतीशी कुणाची बाळंतीण असते, कुणाची बारावी असते. महामानवाच्या जयंतीला रात्री दोनला उठून वाचणाऱ्या पोराला वाचता येऊ नये, हे मला तरी पटत नाही. दुसऱ्याला सांगायला जाणाऱ्या समितीचे आपले कागद आधी स्वच्छ हवेत.

आणि एक उपद्रव असा आहे की ज्याला आपण उपद्रव म्हणतच नाही. शेजारच्या खोलीत नवरा बायकोला मारतो, भिंतीपलीकडून सगळे ऐकू येते, आणि आपण टीव्हीचा आवाज वाढवतो. "त्यांचे घरगुती आहे." नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे कुणीही शेजारी संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतो, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कसली जबाबदारी येत नाही. ११२ ला फोन लावा. तेही जमत नसेल तर दार वाजवून वाटीभर साखर मागा. अंबरनाथच्या आमच्या त्या आजी हेच करायच्या. रात्री अकराला साखर! दार उघडावेच लागे, आणि हात थांबे.

इथे सोनिवलीत बीएसयूपीच्या इमारती आहेत, जुन्या चाळी आहेत, नवी संकुले उठत आहेत. जिथे गृहनिर्माण संस्था आहे तिथल्यांना सांगतो, भाडेकरू ठेवला म्हणून बिनवापर शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हा २००१ चा शासनाचा आदेश आहे. भाडेकरूला वार्षिक सभेत मत नसेल, पण जिन्याच्या दिव्याबद्दल त्याला बोलू द्या. तोही त्याच जिन्याने चढतो. नवा भाडेकरू आला की पहिल्या आठवड्यात कुणीतरी त्याच्याकडे जावे. पाणी किती वाजता येते, कचरा कुठे टाकायचा, अभ्यासिका कधी असते, हे सांगावे. हे त्याला कुणी सांगतच नाही आणि महिन्याने आपण म्हणतो, याला काही रीत नाही.

मी येताना एक शंभर पानी वही आणली आहे. महिला मंडळाच्या अध्यक्षताईंकडे देतो. ती विहाराच्या कपाटात राहील, किल्ली ताईंकडे. त्यात तारीख, वेळ, घटना आणि पाहणाऱ्याचे नाव, एवढे चारच रकाने आखले आहेत. जात, गाव, भाडेकरू की मालक, असा रकाना मी ठेवलेला नाही. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास वही उघडावी, आणि ज्याचे नाव त्यात आले असेल त्याला त्या दिवशी निरोप धाडून बोलवावे, तो समोर असतानाच वाचावी. पहिली पौर्णिमा कोणती धरायची ते समितीने आत्ताच जाहीर करावे, म्हणजे मंडळी उठायच्या आत सर्वांना कळेल.

जयभीम! नमो बुद्धाय!